ही येझदी उभी का राहिली होती?

पडवीतला (धागाकर्ता)

मंडळी, चार वर्षं नुसता वाचक आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आत्याच्या घरी मागच्या पडवीत एक येझदी २५० आहे. नोंदणी १९७४ ची, जुना तीन अक्षरी नंबर. आतोबांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण गाडी त्याच्याही आधीपासून उभी. आत्या म्हणते, बावीस वर्षं तरी झाली. तेवढ्या काळात तिच्यावर घोंगड्या, पत्र्याचे डबे, मोडका पाळणा असं सगळं राहून गेलं. आता आत्या म्हणते, "ने बाबा, जागा तरी मोकळी होईल."

आणली. स्थिती अशी: दोन्ही टायर जमिनीला चिकटलेले, टाकीच्या आत गंजाचा चिखल, रिम्सचं क्रोम सोललेलं, सीट उंदरांनी खाल्लेली. किक जागची हलत नाही. हातोडीने ठोकल्यासारखी घट्ट आहे. पेटीत एक प्लगपाना, फडकं, दोन खिळे आणि काळ्या तेलाची अर्धी बाटली मिळाली. कागदपत्रं आहेत, पुस्तक वाळवीने कोपऱ्यात खाल्लंय पण नंबर वाचता येतात.

घरच्या घरीच करायचा विचार आहे. सगळी गाडी खोलून चासी (गाडीचा सांगाडा) पावडर कोटिंगला द्यावी, इंजिन तोवर मेकॅनिककडे, मग रंग. सुरुवात कुठून करू?

बाराखडी

मस्त! रंग कुठला देणार? मूळ मरून ठेवा प्लीज. काळा नको, काळ्या सगळ्यांकडे असतात.

दोन_धुरांडी

खुर्ची टाकून बसलो. माझ्याकडे ७८ ची आहे, आयडी बघून कळलंच असेल. ते दोन खिळे टाकू नका हं, तीच तुमची किल्ली! जुन्या जावा-येझदीची इग्निशनची किल्ली म्हणजे नुसता एक दांडा. हरवली की लोक खिळा खुपसून गाडी चालू करायचे. चोरही तेच करायचे म्हणा.

आणि किक हलत नाही म्हणताय, तर आधी खात्री करा की तुम्ही किकच मारताय. यात किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. आत दाबून वर फिरवला की किक, नाहीतर गिअर. माझ्या मेव्हण्याने अर्धा तास गिअर बदलत बसून "कॉम्प्रेशनच नाही" असा निकाल दिला होता.

पडवीतला

नाही हो, फिरवून बघितलं. किकच आहे आणि ती खरंच अडकली आहे.

जुना पाना

पावडर कोटिंग थांबवा. पहिलं कारण: चासी नंबर. पावडरचा थर जाड बसतो आणि ठोकलेला नंबर भरून जातो. उद्या आरटीओत पेन्सिलने छाप काढायला गेलात की कोरा कागद मिळेल. मग तो थर खरवडायला जाल, खरवडलेला नंबर बघून साहेबाच्या मनात वेगळीच शंका येईल. द्यायचंच असेल तर नंबरावर उष्णतेला टिकणारी टेप लावून द्यायचं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तुम्ही रंग विचारताय, पार्ट विचारताय. मी एकच विचारतो. ही गाडी उभी का राहिली?

गंजली म्हणून कुणी गाडी उभी करत नाही. उभी राहते म्हणून ती गंजते. त्याच्या आधी काहीतरी बिघडलेलं असतं, दोन-तीनदा दुरुस्त करून झालेलं असतं, आणि एक दिवस माणूस कंटाळून म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. तो बिघाड अजून तिथेच आहे. त्यावर बावीस वर्षांचा गंज चढला इतकंच. तुम्ही गंज काढाल, रंग द्याल, क्रोम कराल, आणि पहिल्या किकला तोच बिघाड नमस्कार करील. मी आयुष्याची तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या खोलण्यात घालवली. सगळ्यात जास्त पैसे वाया गेलेले बघितले ते याच पायी.

घरी विचारा. शेवटी काय झालं होतं ते विचारा.

पडवीतला

आतेभावाला विचारलं. म्हणाला, "चालती गाडी ठेवली होती बाबांनी."

जुना पाना

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. आजवर मला चालती उभी केलेली एकही गाडी भेटलेली नाही. त्या वेळी आतेभावाचं वय काय होतं?

पडवीतला

सात-आठ वर्षांचा असेल.

जुना पाना

मग आत्याला विचारा.

कोकणकडा

अवांतर, पण येझदी म्हणजे जावाच ना? आणि आता शोरूमला दिसतात त्या कोण?

दोन_धुरांडी

थोडक्यात सांगतो, नाहीतर धागा भरकटेल. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. जानेचेक या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीचं डिझाइन घेऊन १९२९ मध्ये सुरू केली. दोन्ही नावांची पहिली दोन दोन अक्षरं म्हणजे जावा. आपल्याकडे म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना साठच्या दशकाच्या सुरुवातीला परवान्याखाली निघाला. परवाना संपल्यावर १९७३ पासून त्याच कारखान्यातून येझदी हे नाव लागलं. १९९६ ला कारखाना बंद. इंजिन तेच: एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, ६५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), आणि एका सिलिंडरला दोन सायलेन्सर.

२०१८ ला जावा आणि २०२२ ला येझदी नव्याने आल्या त्या फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या. नावापलीकडे आपल्याशी संबंध नाही. मी क्लच केबल मागितली तर दुकानातल्या पोराने नव्या गाडीची काढून दिली. त्याचा दोष नाही, तो जन्मला तेव्हा कारखान्याला कुलूप लागलेलं होतं.

पडवीतला

आत्याशी बोलणं व्हायचंय, ती गावाला गेली आहे. तोवर जुना पाना यांचं ऐकून फक्त अडकलेलं इंजिन सोडवायचं ठरवलं. प्लग काढून आत डिझेल आणि थोडं ऑइल ओतलं आहे. दोन दिवस झाले. मागचं चाक टॉप गिअरमध्ये टाकून ढकलून बघितलं, ढिम्म. किकवर उभा राहून उड्या मारू का?

जुना पाना

मारा. मग किकचा दात तुटला की तोही शोधा.

हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) काढा. चार नट आहेत, थोडे थोडे, आडवे-तिडवे सोडवायचे. आत काय दिसतं ते फोटोसकट सांगा.

पडवीतला

हेड काढलं. पिस्टन मधेच आहे, आणि त्याच्या वरच्या भिंतीवर गंजाचा पट्टा. एक्झॉस्टच्या दोन भोकांपैकी एकातून कुंभारमाशीचं घर निघालं. (फोटो जोडतोय, दिसत नसतील तर सांगा.)

कोकणकडा

दिसत नाहीत.

जुना पाना

दिसले. हे काही वाईट नाही. बॅरल बिडाचं, पिस्टन ॲल्युमिनियमचा, अडकवतात त्या रिंगा. वरचा गंज बारीक पॉलिश पेपरने तेल लावून हाताने काढा, कारण पिस्टन वर येताना त्याच गंजावर चढणार आहे. मग डिझेल भरून आठवडाभर विसरा. नंतर बॅरल बाहेरून हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्याच्या फडक्यांनी तापवा, पिस्टनवर बोअरएवढा लाकडाचा ठोकळा ठेवा आणि लाकडी हातोडीने टकटक करा. ठोका म्हणत नाही, टकटक म्हणतोय. आधी खाली, हलला की वर, परत खाली.

रेवती

मी रसायनशास्त्र शिकवते, घरी ८६ ची बुलेट आहे. इंजिनात पडत नाही, टाकीबद्दल सांगते.

आधी जुन्या पेट्रोलचा डिंक काढा. वाळलेलं पेट्रोल वार्निशसारखं चिकटतं, आणि त्याखालच्या गंजापर्यंत कुठलंही आम्ल पोचत नाही. थिनरने धुवा, उघड्यावर, आसपास ठिणगी नको. मग गंजासाठी सायट्रिक ॲसिडचं कोमट द्रावण. आत मूठभर नट टाकून टाकी हलवा, आणि नट मोजून टाका म्हणजे मोजून काढता येतील. रात्रभर ठेवून रिकामी करा, खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा, धुवा, लगेच वाळवा. "लगेच" याला अर्थ आहे. स्वच्छ लोखंड ओलं राहिलं तर तुमच्या डोळ्यांदेखत नारिंगी होतं. वाळली की आत थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घोळवून ठेवा.

इलेक्ट्रोलिसिस करणार असाल तर पाण्यात धुण्याचा सोडा आणि लोखंडाची सळई. स्टेनलेसची सळई कधीही नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. हायड्रोजन निघतो, त्यामुळे बंद खोलीत करू नका.

आणि आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली वाफ ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं. त्यामुळे पेट्रोलची नळी, कॉकची वॉशर, कार्ब्युरेटरची किटं नवीन आणि इथेनॉल चालणारीच घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

बाराखडी

रंगाचं काय ठरलं?

पडवीतला

नवव्या दिवशी हलला! रात्री साडेअकराला. टक, टक, आणि एकदम पाव इंच खाली. मी एकटाच ओरडलो, शेजाऱ्यांचा दिवा लागला.

टाकीत बारा नट टाकले, अकरा निघाले. बारावा शोधायला दोन दिवस गेले.

आणि आत्या आली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्यातून काही कळलं नाही:

"अरे, फार धूर करायची ती. पांढरा. समोरच्या काकू रोज दार लावून घ्यायच्या. आतोबांनी मेकॅनिकला दोनदा दाखवली, त्याने पिस्टन बदलला, तरी तेच. मग दर पंधरा दिवसांनी बाटलीतून तेल घालत बसायचे खाली वाकून. शेवटी म्हणाले, ही पेट्रोलपेक्षा तेल जास्त पिते, आणि घेतली स्कूटर."

टू-स्ट्रोक आहे म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागणारच ना? जास्त पडत असेल, म्हणून धूर?

जुना पाना

आत्यांना माझा नमस्कार सांगा. पिस्टन बदलणाऱ्या मेकॅनिकपेक्षा त्यांनी जास्त नीट सांगितलंय.

"खाली वाकून". पेट्रोलमध्ये तेल मिसळायला कुणी खाली वाकत नाही, टाकी वर असते. पेटीतली ती काळ्या तेलाची बाटली काढा. टू-टी ऑइल पातळ असतं. तुमच्या बाटलीतलं मधासारखं जाड असेल तर ते गिअरचं तेल आहे. आतोबा दर पंधरा दिवसांनी गिअरबॉक्स भरत होते. आता विचार करा, जमिनीवर गळत नव्हतं, तर जात कुठे होतं?

पडवीतला

बाटली बघितली. जाडच आहे. पडवीच्या फरशीवरही डाग नाही.

दोन_धुरांडी

क्लचकडचं ऑइल सील!!! ओळखलं.

जुना पाना

बरोबर. नवीन वाचकांसाठी सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा नुसता डबा नसतो, तो पंप असतो. पिस्टन वर गेला की खालच्या डब्यात पोकळी होते, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवा ओढली जाते. खाली आला की ती दाबली जाऊन वर जाते. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) दोन्ही बाजूंनी या डब्याबाहेर येतो, आणि दोन्हीकडे रबरी सील असतात. डाव्या सीलपलीकडे प्रायमरी चेन आणि क्लच, गिअरच्याच तेलात बुडालेले. ते सील कडक झालं किंवा फाटलं की प्रत्येक फेऱ्याला इंजिन पेट्रोलबरोबर गिअरचं तेलही ओढतं. ते जळतं आणि सायलेन्सरमधून पांढरं येतं. पिस्टन दहा बदला, धूर तसाच. उजवीकडचं सील गेलं तर उलटं होतं. तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप रेस होतं आणि तापून पिस्टन धरतो. तो जास्त धोका, कारण धूर दिसत नाही.

पण आत्यांच्या आणि माझ्या शब्दावर इंजिन फोडू नका. आधी प्रेशर टेस्ट करा. पिस्टन तळाला आणायचा, इनलेट आणि एक्झॉस्टची दोन्ही तोंडं रबर आणि पट्टीने बंद करायची, प्लगच्या जागी हवा भरायची. फार नाही, पाच-सहा पीएसआय. जास्त भरलीत तर चांगलं सीलही बाहेर येईल.

पडवीतला

एवढ्या कमी दाबाचा गेज कुठून आणू? टायरच्या गेजवर तर सहा दिसतसुद्धा नाही.

रेवती

बीपीचं मशीन. जुनं, रबरी फुग्याचं. ३०० मिमी पारा म्हणजे साधारण ५.८ पीएसआय. फुगा, नळी, गेज सगळं एकत्रच मिळतं. पट्टा काढा आणि नळी लावा.

दोन_धुरांडी

रेवतीताई __/\__

जुना पाना

हे मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

पडवीतला

टेस्ट झाली. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्याच्या कवचात सायकलचा व्हॉल्व्ह बसवला, त्याला बाबांचं बीपी मशीन. (बाबा: "माझं बीपी या गाडीनेच वाढणार आहे.") पहिल्यांदा काटा चढेचना, एक्झॉस्टची पट्टी गळत होती. साबणाचं पाणी लावून ती नीट केली. मग २८० पर्यंत गेला आणि बघता बघता शून्यावर. साबणाला कुठेच बुडबुडे नाहीत.

मग गिअर ऑइल भरायचं तोंड उघडून कान लावला. आतून गुडगुड ऐकू आली. हुक्क्यासारखी.

बावीस वर्षांनी आतोबांचा धूर सापडला.

जुना पाना

आता उघडा. आणि उघडताय तर कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली हलवून बघा. बाजूला थोडा हलला तर चालतं, वर-खाली अजिबात हलता कामा नये.

पडवीतला

वर-खाली टक्क वाजतो. म्हणजे क्रँकही.

आणखी एक, लपवून उपयोग नाही म्हणून सांगतो. क्रँकवरचं स्प्रॉकेट निघेना. पुलर नव्हता, रविवार होता, हातोडी होती. क्रँकच्या टोकाचे आटे चेपले.

जुना पाना

रविवारी एवढीच तर गोष्ट करायची होती, सोमवारची वाट बघायची.

टेपरवर (निमुळत्या टोकावर) बसलेलं काहीही हातोडीने निघत नाही. निघालं तर क्रँक वाकवून निघतं. पुलर घट्ट करून तसाच सोडून द्यायचा, मध्येच पुलरच्या डोक्यावर एक टोला. बंदुकीसारखा आवाज होऊन सुटतं. आटे डाय फिरवून नीट होतील बहुतेक. पुढे लेथकडे जाण्याआधी या तीन गोष्टी डोक्यात ठेवा.

पहिली, पिस्टन आधी हातात घ्या आणि मग सिलिंडर बोअर करायला (आतून कातून मोठा करायला) द्या. "अर्धा एमएम ओव्हरसाइझ" असं तोंडी सांगू नका. तो पिस्टन मोजून, त्या पिस्टनसाठी बोअर झालं पाहिजे.

दुसरी, बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा धारदार राहतात. गाड्यांचे फोर-स्ट्रोक ब्लॉक करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण त्यांच्या भिंतीला भोकंच नसतात. ती धार बारीक कानशीने मारून घ्या, नाहीतर रिंग त्यात अडकून तुटते. रिंगेची फट पिस्टनमधल्या छोट्या खिळीवरच बसली पाहिजे, ती याचसाठी असते.

तिसरी, क्रँकची पिन आणि रॉड प्रेसवर बदलतात. बदलून दिला म्हणजे झालं नाही. दोन्ही चकत्या एका रेषेत आल्या का हे डायल गेज लावून, तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा. काटा दोन-तीन शतांशाच्या आत डोलला पाहिजे. शतांश म्हणजे एमएमचे.

बाराखडी

बोअर म्हणजे कंटाळा नव्हे हे आजच कळलं. रंग?

पडवीतला

महिनाभर लिहिलं नाही, कारण महिनाभर वाट बघत होतो. एका ठिकाणी क्रँक दिला, त्यांनी पिन बदलून परत दिला, डायल विचारला तर म्हणाले, "हाताने फिरवून बघा, मस्त फिरतो." व्ही-ब्लॉकवर ठेवून बघितला, काटा नाचत होता, अठरा शतांश. दुसऱ्या म्हाताऱ्या कारागिराने तांब्याच्या हातोडीने तासभर टोले देत दोनवर आणला. पैसे मागितले ते इतके कमी की मलाच लाज वाटली.

बेअरिंगं बसवायला केस ओव्हनमध्ये तापवली (घरी कुणी नसताना), बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये. केसवर पाण्याचा थेंब टाकला, चर्रकन उडाला, बेअरिंग नुसतं सोडलं आणि ते बोटभरही न दाबता खाली बसलं. हातोडीशिवाय. सील लावताना आट्यांवर टेप गुंडाळली, ओठाला ग्रीस.

परत बीपी मशीन. ३००. चहा करून आलो, २९५.

दोन_धुरांडी

सायलेन्सर उघडले का? बावीस वर्षांआधी गिअरचं तेल प्यालेली गाडी आहे, बॅफलमध्ये (सायलेन्सरच्या आतल्या नळीत) डांबर असणार. बॅफल काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाका, हातमोजे घालून. ॲल्युमिनियमची एकही वस्तू त्यात जाऊ देऊ नका, विरघळून जाईल.

कोकणकडा

कागदपत्रांचं काय? ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नंबर मिळतो ना आता?

दोन_धुरांडी

मिळतो. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी असेल तर "व्हीए" मालिकेचा नंबर, दहा वर्षांसाठी. शुल्क नव्या नोंदणीला २०,००० आणि पुढे नूतनीकरणाला ५,०००. पण त्यावर रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. पडवीतले यांना ती चालवायची असेल तर साध्या नोंदणीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण बरं. फॉर्म २५, आणि पर्यावरण कर.

जुना पाना

त्याआधी फॉर्म ३१. मालक वारले आहेत, गाडी आधी वारसाच्या नावावर झाली पाहिजे. आत्यांची सही आत्ताच घ्या.

पडवीतला

आज चालू झाली.

पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) जुनेच आहेत, घासून ०.४ मिमीवर लावले. लिटरला ४० मिली टू-टी. बॅटरी नवीन, सहा व्होल्टची. पाचव्या किकला खोकली, आठव्याला लागली, आणि पांढऱ्या धुराचा असा लोट आला की माझे पायच गळाले. म्हटलं, संपलं, परत तेच सील. बंद करणार तेवढ्यात लक्षात आलं की धूर फक्त डाव्या सायलेन्सरमधून येतोय. त्याचा बॅफल नीट साफ झाला नव्हता, आतलं जुनं तेल तापून निघत होतं. चार-पाच मिनिटांत दोन्ही धुरांडी सारखी झाली. टिंग-टिंग-टिंग.

पण मग दहा मिनिटं चालली की बंद पडते. गार झाली की परत पहिल्या किकला. तीनदा झालं.

जुना पाना

पेट्रोल येतंय? बंद पडल्या पडल्या प्लग काढून ठिणगी बघा.

पडवीतला

बंद पडते तेव्हा ठिणगी पिवळट, मेलेली. गार झाल्यावर निळी.

जुना पाना

कंडेन्सर, पॉइंटला जोडलेला तो छोटा डबा. जुने कंडेन्सर गरम झाले की आतून गळायला लागतात. पॉइंट जळकट काळे पडले असतील तर खात्रीच. कॉइलसुद्धा असंच करते, पण आधी स्वस्त असतं ते बदलायचं.

पडवीतला

कंडेन्सरच होता. आज बावीस किलोमीटर सलग. आत्याच्या दारात नेऊन उभी केली. आत्या बाहेर आली, सायलेन्सरकडे बघितलं, म्हणाली, "धूर कुठाय?" मग समोरच्या काकूंना हाक मारली.

रेवती

वाचनखूण साठवली. खर्चाचा अंदाज द्याल का, माझ्याकडे विद्यार्थी विचारतात.

पडवीतला

आकडा गाडीगणिक बदलेल म्हणून प्रमाण सांगतो. इंजिन, क्रँक आणि बोअर मिळून एक भाग धरला तर नुसत्या क्रोमचं कोटेशन दीड भाग आलं. क्रोम सध्या केलं नाही. रिम्सचा गंज तांब्याच्या घासणीने आणि तेलाने काढला, लांबून बघितलं तर चांगले दिसतात. स्पोक सोडवले असते तर परत बांधायला माणूस शोधावा लागला असता.

जुना पाना

तीनशे किलोमीटर झाले की गिअरचं तेल काढा. नवीन क्लच प्लेटांचा गाळ असतो. आणि काढलेलं मोजा.

पडवीतला

३१२ किलोमीटर. भरताना मोजपात्रावर मार्करने रेघ मारली होती, आज त्याच भांड्यात काढलं. रेघेच्या नखभर खाली. तेवढं प्लेटांना चिकटून राहिलं असणार.

आतोबांची ती बाटली परत पेटीत ठेवली आहे, फडक्यात गुंडाळून. खिळेही.

जुना पाना

बरं झालं. आता चेन बघा, नवीन आहे, पहिल्या पाचशेत सैल होईल.

बाराखडी

मी चार महिने विचारतोय हो. रंग?!

पडवीतला

आहे तोच. पॉलिश मारल्यावर खालून मरून निघाला, टाकीवर आतोबांच्या गुडघ्यांनी दोन्ही बाजूंना घासलेल्या जागा सोडून.